माणसाचा जनुकबदल सूत्रकृमीत कसा तपासायचा: रिपोर्टपासून निष्कर्षापर्यंत

रुग्णाच्या जनुकतपासणीच्या रिपोर्टात एखादा बदल सापडतो, पण तो आजार करतो की नाही याबद्दल 'माहीत नाही' असं लिहिलेलं असतं. तोच बदल कॅस९ या जनुकीय कात्रीने सी. एलिगन्स या सूत्रकृमीत करून काय होतं ते पाहायचं, हे इथलं काम. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आसपासच्या तालुक्यांतली एमएस्सीची मुलं या कामाची वही घेऊन माझ्याकडे येतात. कृमी नीट पाळलेले असतात आणि मोजणीही मन लावून केलेली असते. चूक मात्र बहुतेक वेळा वहीच्या पहिल्या दोन पानांतच सापडते. बदल चुकीच्या जागेवर ठरवलेला असतो, तुलनेचा कृमी ठेवलेला नसतो, नाहीतर विदर्भातल्या मे महिन्याचा परिणाम आजाराच्या नावावर नोंदवलेला असतो. म्हणून या लेखात कृमी हातात घेण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. आपल्याकडे अळी म्हटलं की बोंडअळी डोळ्यांसमोर येते आणि सूत्रकृमी म्हटलं की संत्र्याच्या मुळांवरचा. सी. एलिगन्स हा सूत्रकृमीच आहे, पण तो पिकाला, जनावराला किंवा माणसाला त्रास देत नाही. जिवाणू खाऊन जगतो, प्रौढ झाला की साधारण १ मिलिमीटर लांब असतो, पारदर्शक असतो आणि उभयलिंगी कृमीत बरोबर ३०२ चेतापेशी असतात. गावात किंवा घरी सांगताना 'जंत' म्हणू नका, लोक पोटाचा विचार करतात आणि डबा फेकून देतात.

सगळीकडे एकच उदाहरण घेतो: केआयएफ१ए हे जनुक. याचं प्रथिन चेतापेशीत हमालाचं काम करतं. सायनॅप्सला (चेतापेशीच्या पुढच्या पेशीशी असलेल्या जोडाला) लागणाऱ्या पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, पेशीच्या मुख्य भागातून लांब तंतूच्या टोकापर्यंत ते वाहून नेतं. त्यात बिघाड झाला की मुलांचे पाय कडक होतात, तोल जातो, काहींची नजर आणि बौद्धिक वाढही मागे पडते. कृमीतलं याचं समकक्ष, म्हणजे तेच काम करणारं जनुक अन्क-१०४.

१. हा बदल कृमीत तपासण्यासारखा आहे का, हे आधी ठरवा

चार प्रश्नांची उत्तरं लेखी काढा. कृमीत या जनुकाचं समकक्ष जनुक आहे का? बदल एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आणणारा आहे का? ती जागा कृमीतही तशीच जपलेली आहे का? आणि जनुक बिघडलं की कृमीत डोळ्यांनी दिसेल किंवा मोजता येईल असं काही होतं का? चारपैकी एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर हा प्रकल्प घेऊ नका.

हंटिंग्टन किंवा स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियाच्या अनेक प्रकारांत तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाढत जातो. त्यांना ही पद्धत लागू पडत नाही. माणसाच्या इंट्रॉनमधला (प्रथिन बनण्याआधी कापून टाकल्या जाणाऱ्या भागातला), जोडणी बिघडवणारा बदलही कृमीत जसाच्या तसा उतरवता येत नाही, कारण कृमीचे इंट्रॉन वेगळे असतात. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला बदल तर या पद्धतीने करताच येत नाही.

थांबा: नोमॅड या माणसांच्या जनुकबदलांच्या जागतिक संग्रहात बदल सापडला नाही, म्हणजे तो दुर्मिळ आणि म्हणून घातक, असं लिहू नका. त्या माहितीत आपल्या भागातले समाज फार थोडे आहेत. गोंड, कोलाम किंवा कोरकू कुटुंबातला रिपोर्ट असेल तर तिथे न सापडणं याला फारसं वजन नाही. १,०२९ भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती असलेलं इंडिजिनोम्सही पाहा, आणि तिथेही तीच सावधगिरी ठेवा.

२. रिपोर्ट वाचा, पण क्रमांकावर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे फसतात. रिपोर्टमधून चार गोष्टी वहीत उतरवा: जनुकाचं नाव, ट्रान्सक्रिप्टचा (जनुकाच्या आरएनए प्रतीचा) पूर्ण क्रमांक दशांशानंतरच्या अंकासकट, डीएनएतला बदल आणि प्रथिनातला बदल. गुणसूत्रावरची जागा दिली असेल तर ती मानवी जनुकसंचाच्या जीआरसीएच३७ आवृत्तीतली आहे की ३८ मधली, तेही लिहा.

आता तोच ट्रान्सक्रिप्ट उघडून त्याच्या प्रथिनात ती जागा मोजा. रिपोर्ट म्हणतो २५४ व्या जागी आर्जिनिन आहे. तुमच्यासमोरच्या क्रमातही तिथे आर्जिनिनच दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर तुम्ही दुसरा ट्रान्सक्रिप्ट उघडला आहे. एकाच जनुकाचे अनेक ट्रान्सक्रिप्ट असतात आणि त्यांतले क्रमांक काही जागा पुढेमागे होतात. जवळपास एखादं आर्जिनिन दिसलं म्हणून तेच धरून चालणं ही चूक मी तीन वेगवेगळ्या वह्यांत पाहिली आहे.

वहीत रुग्णाचं नाव, गाव, आडनाव काहीही नको, फक्त डॉक्टरांकडून आलेला सांकेतिक क्रमांक. शहरात वय आणि आजार लिहून माणूस ओळखू येत नाही. आपल्याकडे गावाचं नाव आणि 'चालता येत नाही' एवढं लिहिलं तरी घर कळतं.

३. कृमीतली जागा शोधा

माणसाचा प्रथिनक्रम युनिप्रॉटमधून आणि कृमीचा वर्मबेसमधून घ्या, क्लस्टल ओमेगामध्ये दोन्ही शेजारी मांडा. बदलाच्या दोन्ही बाजूंची किमान १०-१० अमिनो आम्लं डोळ्यांनी जुळवा.

केआयएफ१ए मधली २५४ वी जागा अन्क-१०४ मध्ये २५१ वी आहे. यावरून '३ वजा करा' असं सूत्र मनात धरलंत तर फसाल, कारण त्याच प्रथिनात माणसाची ११ वी जागा कृमीत ९ वी आहे आणि ३०५ वी जागा २९८ वी. म्हणजे फरक कुठे २, कुठे ३, कुठे ७. प्रत्येक बदलाची जागा स्वतंत्र शोधावी लागते.

तपासा: शेजारची आम्लं बहुतेक जुळतात का? बदलाची जागा जुळते पण आजूबाजूची २० पैकी ५-६ च जुळतात, अशी स्थिती असेल तर प्रथिनाचा तो भाग कृमीत वेगळं काम करत असण्याची शक्यता आहे. तेव्हा कृमीचं जनुक काढून त्या जागी माणसाचं पूर्ण जनुक बसवण्याचा पर्याय असतो. तो मोठ्या प्रयोगशाळेचा प्रकल्प आहे. पदव्युत्तरच्या एका वर्षात बसवू पाहू नका.

४. तुलनेचे कृमी आत्ताच ठरवा

तुमचा बदल असलेला कृमी मंद चालला, तर मंद कशाच्या तुलनेत? याचं उत्तर प्रयोगानंतर शोधता येत नाही. किमान या ओळी, म्हणजे एकाच जनुकरचनेच्या कृमींची कुळं, हव्यात:

वाइल्ड टाइप, म्हणजे एन२ हा न बदललेला कृमी. मूक बदलाची ओळ, जिच्यात संपादनासाठी लागलेले डीएनएचे बदल आहेत पण अमिनो आम्ल तेच आहे. आजार करतो हे आधीच सिद्ध असलेला त्याच जनुकातला एक बदल. निरुपद्रवी म्हणून नोंदलेला, पण अमिनो आम्ल बदलणारा एक बदल. आणि जनुकाचं काम कमी झालेली जुनी ओळ. अन्क-१०४ पूर्ण बंद केलं तर पिल्लं वाढतच नाहीत, म्हणून इथे ई१२६५ सारखी अर्धवट काम करणारी ओळ घेतात. तिचे कृमी फार मंद असतात आणि वेटोळं घालून पडून राहतात.

मूक बदलाची ओळ मुलं हमखास गाळतात, 'पैसे वाचतील' म्हणून. ती नसेल तर दिसणारा फरक अमिनो आम्लामुळे आहे की कात्री चालवताना झालेल्या इजेमुळे, हे कुणीच सांगू शकत नाही.

मग एक कागद घ्या. डावीकडे प्रत्येक ओळ, उजवीकडे 'बदल घातक असेल तर काय दिसेल' आणि 'निरुपद्रवी असेल तर काय दिसेल' लिहा. तारीख टाका आणि मार्गदर्शकाची सही घ्या.

५. परवानगी आणि मूळ साठा

जनुक बदललेला कुठलाही जीव कॉलेजात आणण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. तुमच्या कॉलेजात समिती नसेल तर जिथे आहे त्या संस्थेशी लेखी करार करून काम तिथून दाखवावं लागतं. साठा मिनेसोटा विद्यापीठातल्या सीजीसी या कृमी पुरवणाऱ्या केंद्रातून मागवता येतो, पण आयातीच्या कागदांना वेळ लागतो. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये कृमींच्या चेतातंतूंतल्या वाहतुकीवर काम चालतं. अशा देशातल्या प्रयोगशाळेला आधी विचारा.

६. प्लेटा आणि तापमान

१ लिटर एनजीएमसाठी (कृमी ज्यावर वाढतात ते आगर) सोडियम क्लोराइड ३ ग्रॅम, पेप्टोन २.५ ग्रॅम, आगर १७ ग्रॅम आणि डिस्टिल्ड पाणी ९७५ मिली. बोअरचं पाणी उकळूनही चालणार नाही, आपल्याकडे ते जड असतं आणि क्षार खाली बसतात. ऑटोक्लेव्ह करून ५५ अंशांपर्यंत थंड होऊ द्या. मग याच क्रमाने, प्रत्येक वेळी ढवळून: १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिली, इथेनॉलमधलं ५ मिलिग्रॅम प्रति मिलीचं कोलेस्टेरॉल १ मिली, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिली आणि शेवटी पीएच ६.० चं १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट २५ मिली. कॅल्शियम आणि फॉस्फेट न ढवळता एकापाठोपाठ ओतलं की पांढरा गाळ होतो.

ओपी५० जिवाणूंचा थेंब प्लेटच्या मधोमध पसरवा, काठापर्यंत नको. काठावर खाणं मिळालं की कृमी भिंतीवर चढतात आणि वाळून मरतात. पावसाळ्यात बुरशीचा त्रास वाढतो, तेव्हा प्लेटा थोड्या थोड्याच ओता. एप्रिल-मेमध्ये उलट होतं, आगर आक्रसतं आणि भेगा पडतात. प्लेटा उलट्या करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

आता तापमान. कृमींना २० अंश सेल्सिअस लागतं. त्या तापमानाला अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण साडेतीन दिवस लागतात आणि एका कृमीला ३०० च्या आसपास पिल्लं होतात. २५ च्या वर प्रजनन घसरतं, २७ च्या पुढे जवळपास थांबतंच. आपल्याकडे मेमध्ये खोली ४० ला पोचते आणि बाहेर ४५.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे रात्री लाइन गेली आणि पहाटे आली. सकाळी बीओडी इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर २० च दिसत होतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. तीन दिवसांनी बदललेल्या ओळीत अंडी कमी दिसली आणि वहीत 'बदलामुळे प्रजनन घटलं' अशी नोंद झाली. वाइल्ड टाइपच्या प्लेटा मोजायच्या राहिल्या होत्या. मोजल्या तेव्हा तिथेही पिल्लं निम्मीच होती. ती पूर्ण फेरी टाकून द्यावी लागली आणि त्या मुलीचं सत्र वाया गेलं.

तेव्हापासून आमच्याकडे हे पाळतो. इन्क्युबेटरच्या आत, प्लेटांच्या शेजारी, किमान-कमाल दाखवणारा स्वतंत्र थर्मामीटर असतो आणि रोज सकाळी त्याचा कमाल आकडा वहीत लिहून तो रीसेट करतो. खालच्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असतात, त्यामुळे लाइन गेल्यावर आतलं तापमान हळू चढतं. मशीन भिंतीपासून हातभर दूर, उत्तरेच्या खोलीत. मोठ्या खंडिततेसाठी थर्मोकोलचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेले जेल पॅक तयार असतात. पॅक प्लेटला थेट लावू नका, झाकणाला पाणी सुटतं आणि कृमी त्यात बुडतात.

तपासा: कमाल आकडा २५ च्या वर गेला असेल तर त्या प्लेटा चाचणीसाठी बाद. पुढच्या दोन पिढ्या २० अंशांवर, पोटभर खाऊ घालून वाढवा, मगच मोजा. उपाशी राहिलेल्या प्लेटेलाही हाच नियम.

७. संपादन

कृमीच्या गोनॅडमध्ये (प्रजननग्रंथीत) सुई टोचण्याचं काम सूक्ष्मदर्शकाशिवाय आणखी बऱ्याच साधनांचं आहे आणि त्याला हात बसायला महिने लागतात. ते अनुभवी प्रयोगशाळेकडून करून घ्या. पण आराखडा तुम्हीच करा: कॅस९ चं गाइड (कात्रीला जागा दाखवणारा आरएनए), दुरुस्तीचा साचा ज्याच्या दोन्ही बाजूंना ३५-३५ अक्षरं जुळणारी आहेत, दुरुस्तीनंतर कॅस९ ने पुन्हा कापू नये म्हणून गाइडच्या जागेत मूक बदल, आणि ओळख पटवायला एखादी रिस्ट्रिक्शन साइट (ठरावीक विकर डीएनए कापतं ती जागा).

यशस्वी कृमी शोधायला बहुतेक ठिकाणी डीपीवाय-१० हे खूणजनुक वापरतात. ते गुणसूत्र क्रमांक २ वर आहे आणि अन्क-१०४ ही त्याच गुणसूत्रावर. अशा वेळी खूण बाजूला काढायला जास्त पिढ्या लागतात, म्हणून खुणेचा प्रश्न टोचण्याआधी विचारा.

परत आलेल्या ओळी किमान दोन आणि स्वतंत्र हव्यात, म्हणजे वेगवेगळ्या टोचलेल्या मातांपासूनच्या. एकाच मातेच्या दोन मुली म्हणजे दोन ओळी नव्हेत. साच्याच्या टोकांपलीकडूनही सॅंगर सिक्वेन्सिंग करून घ्या आणि वाइल्ड टाइपशी काही वेळा मागे संकर करा.

सिक्वेन्स बरोबर आला त्याच आठवड्यात साठा गोठवा: नुकत्याच उपाशी झालेल्या लहान पिल्लांना ग्लिसरॉलच्या द्रावात घेऊन थर्मोकोलच्या डब्यातून सावकाश उणे ८० वर. तुमच्याकडे तो फ्रीझर नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. काही दिवसांनी एक नळी वितळवून पिल्लं हलतात का ते पाहा. त्याआधी साठा सुरक्षित आहे असं समजू नका.

८. मोजणी

आदल्या दिवशी एल४, म्हणजे प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतले कृमी वेचा. त्यांच्या पोटाच्या मध्यावर अर्धचंद्रासारखा फिकट डाग दिसतो, तीच खूण. दुसऱ्या दिवशी ते सगळे एकाच वयाचे प्रौढ असतात. वय मिसळलं की मोजणी निरर्थक होते.

पोहण्याची चाचणी: एम९ द्रावाच्या थेंबात एक कृमी, १ मिनिट स्थिरावू द्या, ३० सेकंद मोजा. एक मोजणी म्हणजे डोकं एका बाजूला जाऊन पुन्हा त्याच बाजूला येणं. हे वाक्य भिंतीवर लावा. एकाने पूर्ण हेलकावा आणि दुसऱ्याने अर्धा मोजला की आकडे दुपटीने वेगळे येतात. वाइल्ड टाइप सेकंदाला साधारण दीड ते दोन पूर्ण हेलकावे घेतो. तुमचा वाइल्ड टाइप त्याच्या आसपास नसेल तर त्या दिवशी बदललेल्या ओळी मोजूच नका. द्राव २० अंशांचा आहे का, दिव्याखाली प्लेट तापते का, ते बघा. उन्हाळ्यात मोजणी सकाळी सातच्या आत उरका.

प्लेटांवरची नावं झाकून दुसऱ्या कुणीतरी संकेत द्यायचे आणि मोजणाऱ्याला ते शेवटी कळायचे. आयपीसवर मोबाइल बसवून व्हिडिओ घेतलात तर पुन्हा मोजता येतं. प्रत्येक ओळीचे २० ते ३० कृमी, तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्लेटांतून. एका दिवशी ९० कृमी मोजणं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

थांबा: सायनॅप्सवरचा संदेश कमी झाला का हे पाहायला अल्डिकार्ब वापरतात. ते अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं विकर अडवतं. स्नायू आखडत जातात, आणि संदेश कमी सुटत असेल तर कृमी उशिरा लुळे पडतात. फवारणीतली ऑरगॅनोफॉस्फेट औषधंही माणसाच्या शरीरात याच विकरावर घाव घालतात, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते आपण पाहिलं आहे. अल्डिकार्ब अतिशय विषारी आहे आणि शेतीत त्यावर बंदी आहे. फ्यूम हूड, हातमोजे आणि कचऱ्याची सोय नसलेल्या कॉलेजात ही चाचणी करू नका, जिथे सोय आहे तिथे जाऊन करा. सोबत लेव्हामिसोलची चाचणीही हवी. ते थेट स्नायूवर काम करतं, त्यामुळे बिघाड चेतापेशीत आहे की स्नायूत हे वेगळं करता येतं. शेळ्यांच्या जंताच्या औषधातही ते असतं, पण ती बाटली आणू नका, त्यात इतर घटक मिसळलेले असतात.

९. एकच प्रत बदललेली असेल तर

केआयएफ१ए चे बरेच बदल रुग्णात एकाच प्रतीवर असतात. फक्त दोन्ही प्रती बदललेले कृमी मोजून निष्कर्ष काढला तर रुग्णाच्या स्थितीचं उत्तर मिळतच नाही. बदललेल्या उभयलिंगी कृमीचा चमकणारा मार्कर असलेल्या वाइल्ड टाइप नराशी संकर करा आणि फक्त चमकणारी उभयलिंगी पिल्लं मोजा. न चमकणारी त्या उभयलिंगी कृमीने नराशिवाय स्वतःच घातलेली, दोन्ही प्रती बदललेली असतात. उलट संकर करू नका, मंद नर जोडीच करू शकत नाहीत. सोबत जनुक बंद असलेली एक प्रत आणि एक चांगली प्रत, अशी ओळही मोजा. २५४ व्या जागचा बदल चांगल्या प्रतीच्या प्रथिनालाही अडवतो, आणि नुसती एक प्रत कमी असणं आणि हे अडवणं यांतला फरक याच तुलनेतून दिसतो.

१०. निष्कर्ष लिहिताना

केआयएफ१ए मध्ये २५४ व्या जागचा आर्जिनिन-ग्लुटामिन बदल हमालाला कमजोर करतो. शेजारच्याच २५५ व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी व्हॅलिन आलं तर तोच हमाल गरजेपेक्षा जास्त पळतो, आणि आजार त्यातूनही होतो. म्हणून 'कृमी नीट चालतो, म्हणजे बदल निरुपद्रवी' हे लिहिता येत नाही. रॅब-३ या पुटिकांवरच्या प्रथिनाचा चमकणारा मार्कर लावून पुटिका तंतूत कुठे साठतात ते पाहिल्याशिवाय जास्तीचं काम कळत नाही.

बदल घातक की निरुपद्रवी हे ठरवण्यासाठीच्या, अमेरिकेतल्या एसीएमजी या जनुकवैद्यक संस्थेच्या २०१५ च्या नियमांत अशा प्रयोगाला पुरावा म्हणून जागा आहे, पण त्याचं वजन चाचणीवर ठरतं. घातक आणि निरुपद्रवी मिळून किमान ११ ज्ञात बदल त्याच चाचणीत तपासलेले नसतील तर, सखोल सांख्यिकीशिवाय, मध्यम वजनही मिळत नाही. तुमच्याकडे दोनच असतील तर तेवढंच लिहा.

असं लिहू नका: 'हा बदल आजाराचं कारण असल्याचं सिद्ध झालं.' असं लिहा: 'सी. एलिगन्समध्ये अन्क-१०४ च्या २५१ व्या जागी केलेल्या या बदलाने, दोन स्वतंत्र ओळींत आणि तीन दिवसांच्या झाकलेल्या मोजणीत, पोहण्याचा वेग मूक बदलाच्या ओळीपेक्षा कमी झाला. ज्ञात घातक बदल १, ज्ञात निरुपद्रवी बदल १.' हे पान जनुकतज्ज्ञ डॉक्टरांकडे जातं. वर्गवारी बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतात आणि घरच्यांशीही तेच बोलतात.

घरचे तरी तुमच्यापर्यंत पोचतात. एक वडील पन्नास किलोमीटर एसटीने येऊन माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सर, त्या किड्यात आमच्या पोरीचं काही निंघालं काय जी?" त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "बाप्पा, औषध यातून निघत नाही. पोरीच्या रिपोर्टात जिथे 'माहीत नाही' लिहिलं आहे, तिथे काय लिहायचं ते ठरवायला हे काम मदत करतं. आमचं पान मागच्या सोमवारी डॉक्टरांकडे गेलं. पुढच्या तारखेला तेच पान समोर ठेवायला सांगा, आणि दुसऱ्या लेकराचा विचार असेल तर तोही प्रश्न त्याच वेळी विचारा." त्यांनी तारीख कागदावर लिहून मागितली. मी लिहून दिली.